खंडेनवमीचा नारळ

अक्का,

तुमच्या तेराव्याच्या पत्रिकेची अक्षरं मीच लावली. दादा म्हणत होते, प्रेसमध्ये देऊन टाकू, तू नको बसूस. पण घरात कॉम्प्युटरचं मशीन असताना तुमचं काम बाहेर द्यायचं मला पटेना. बसले तर खरी, पण 'सौ. शालन' टाइप झालं आणि त्याच्या आधी 'कै.' लावायला बोट पुढं होईना. आजवर किती पत्रिका लावल्या मी, लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या, दहाव्या-तेराव्याच्या. गेलेल्या माणसांची नावं चहाचा घोट घेत घेत लावली. तुमच्या पत्रिकेत मात्र जेवणाची वेळच घालायची राहिली. छापून आल्यावर दादांच्या लक्षात आलं. ओरडले नाहीत. पेन घेऊन ओट्यावर बसले आणि एकेका पत्रिकेवर हातानं वेळ लिहीत राहिले.

तेरावा होऊन चार दिवस झाले. तुमच्या माहेरची मंडळी गेली, माझी भवानीनगरकडची गेली. मी मशीनवर कापड टाकून ठेवलंय आणि प्राजूच्या जुन्या वहीत हातानं लिहितेय. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. सव्वा वर्ष सांगायची होती, आणि तुम्ही रोज समोर होतात.

विषय तोच, खंडेनवमीचा नारळ. तुम्हाला वाटलं असेल, मी मेल्यावर तरी ही बया तो काढणार नाही.

पण आधी आपलं जुनं भांडण काढते, कारण सगळं त्यातूनच सुरू झालं. प्राजू दीड वर्षाची असताना प्रेसवाल्या काकांनी ते मशीन आपल्या जळोचीच्या घरी आणून बसवलं. मला वाटलं, जिंकले. आता बारामतीला प्रेसमध्ये जायला नको, पोरीला सोडून राहायला नको. घरात बसून अक्षरजुळणी करायची, पोर डोळ्यांसमोर. ह्यांची एमआयडीसीत पाळी, तुमचे मालक दादा वांगी-मेथीच्या मागं, आणि घरात आपण दोघी जावा. सगळं कसं छान बसत होतं. तुम्ही चार दिवस बघितलंत आणि पाचव्या दिवशी म्हणालात, "सुरेखा, त्यापरीस हापिसात जात जा. सांजच्याला घरी तरी येशील. आता हितं असून हितं न्हाईस."

मला ते इतकं लागलं की मी दोन दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही. आणि लागलं ते खरं होतं म्हणून. प्राजू पहिल्यांदा शाळेत गेली ती तुमच्या कडेवर. लग्नसराई होती, संध्याकाळपर्यंत सहा पत्रिका जायच्या होत्या. तिचा पहिला दात पडला तेव्हा ती मुठीत घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली. मी पडद्यावरून नजर न काढता "थांब हं" म्हटलं, आणि ती थांबलीच नाही. तुम्हीच तो दात चुलीमागच्या कौलावर टाकलात. त्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "दुसऱ्याच्या पोरांची बारशी उरकतीस. आपल्या पोरीचा दात पडला, त्यो तरी बग." मी म्हटलं, "मग कोण करणार हे? तुमी?" तुम्ही वाफ्याकडं निघून गेलात. मशीनला हात लावायची तुम्हाला तेव्हाही भीती होती, पण ती साधी भीती होती. नवी सून सासऱ्याला बिचकते तेवढी.

मग आली ती खंडेनवमी. इंदापूरकडच्या एका शाळेची स्मरणिका माझ्याकडं होती. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून मास्तरांनी, जुन्या विद्यार्थ्यांनी हातानं लिहून दिलेले कागद, वेगवेगळ्या अक्षरांतले, गठ्ठाभर. एवढं मोठं काम काकांनी पहिल्यांदाच माझ्यावर टाकलं होतं. निम्म्याहून जास्त पानं झाली होती. त्या सकाळी मी अंघोळीला गेले आणि तुम्ही ताट घेऊन निघालात. विळे, खुरपी, कोयते, दादांचा फवारणीचा पंप, ह्यांची मोटरसायकल. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू, सगळ्यांवर नारळाच्या पाण्याचा शिंतोडा. मी केस पुसत खोलीत आले तर मशीनच्या डब्यावर पाच बोटं कुंकू, कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या आणि सगळ्यावर पाणी. तुम्ही हात जोडून उभ्या.

"समदी अवजारं पुजली," तुम्ही म्हणालात. "तुजं एकटंच ऱ्हायलं व्हतं. त्ये बी राबतंय की."

मी बटण दाबलं. मशीनमधून लांबलचक शिटी आली आणि पडदा काळाच राहिला. मग मी जे बोलले ते तुम्हाला आठवत असेल, मला तर शब्द न् शब्द आठवतो. दादा ओट्यावर होते, हे दारात होते, प्राजू तुमचा पदर धरून उभी होती. "अडाण्याच्या हाती काय पडलं की त्येचं वाटोळंच. आजपासनं माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावू नका तुमी." तुम्ही ताट उचललं, पाकळ्या वेचल्यात, पण कीबोर्डवरच्या वेचल्या नाहीत. तिथपर्यंत हात नेला आणि मागं घेतलात.

संध्याकाळी तुम्ही दाराबाहेरून विचारलंत, "प्राजूला न्हाऊ घालू का?" पाच वर्षं रोज तुम्हीच न्हाऊ घालत होतात. त्या दिवशी विचारलंत. मी पाठमोरीच "घाला" म्हटलं.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले साळुंखे आले. त्यांनी डबा उघडून वाळवला, ब्रशनं पुसला, कीबोर्ड नवा जोडला. मशीन सुरू झालं. मी स्मरणिका उघडली तर मागच्या तीन आठवड्यांची पानं नाहीत. त्याआधीची मात्र होती तशी. मी म्हटलं, बघा, पाण्यानं खाल्ली. साळुंख्यांनी मान हलवली. "ताई, पाण्यानं पानं जुनी होत नसतात. गेली असती तर सगळीच गेली असती. ही तीन आठवड्यांमागची बरोब्बर जागच्या जागी हायती. तुमी जुनी फ्लॉपी मशिनीवर चढवलीय. मशिनीवरचं फ्लॉपीवर घ्यायचं, ते उलटं झालं."

आणि मला आठवलं. नवमीलाच, अंघोळीला जायच्या आधी. मशीनमधली पानं मी आठवड्यातून एकदा फ्लॉपीवर उतरवून ठेवायची. त्या महिन्यात राहूनच गेलं होतं. सणाची गडबड, चुलीवर पुरण, म्हणून उभ्या उभ्याच केलं. मशीननं विचारलं, नव्यावर जुनं घालू का, आणि मी वाचल्याशिवाय हो म्हटलं. नव्यावर जुनं गेलं. तुम्ही नारळ फोडायच्या आधीच ती पानं गेली होती.

तेवढ्यात तुम्ही वाफ्यातून आलात. पदराला हात पुसत दाराबाहेर उभ्या राहिलात आणि विचारलंत, "झालं का वं नीट? माज्यामुळं लई नुकसान झालं का?" साळुंखे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "मशीन चालू झालं. पानं गेली."

एवढंच बोलले. त्यात एक शब्द खोटा नव्हता. साळुंख्यांनी स्क्रू आवळले, पिशवी उचलली आणि चहा न घेता गेले.

का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. चार दिवसांपूर्वी मी तुम्हाला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं होतं. दादा माझ्या बाजूनं तुम्हाला बोलले होते, हेही बोलले होते. काकांना मी फोनबूथवरून सांगितलं होतं की जाऊबाईंनी पाणी टाकलं. एवढं सगळं परत गिळायचं म्हणजे तुमच्यासमोर मान खाली घालायची, आणि ती सवय मला नव्हती. मी शिकलेली, मशीनवाली. वाटलं, उद्या सांगू.

मग ते अकरा दिवस. गेलेली पानं पुन्हा लावायची होती आणि मुदत तीच होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाक उरकून, गाईची धार काढून आलात आणि उंबऱ्याबाहेर बसलात. "मी वाचून दाखवू का कागद? तुजी नजर सारखी इकडं-तिकडं करायला नगं." चौथी शिकलेल्या तुम्ही. पहिल्या दिवशी एकेक अक्षर सुटं सुटं वाचलंत. मला वैताग आला, पण मी लावत राहिले. तिसऱ्या दिवशी तुम्हाला मास्तरांची अक्षरं माझ्यापेक्षा चांगली लागायला लागली. "ह्यो मास्तर लई घाईत लिवतोय," तुम्ही म्हणायचात, "आन् ही बाई रडत लिवतीय, बग, शाई फुटलीय." एका जुन्या विद्यार्थ्यानं शाळेच्या विहिरीत पडलेल्या बकरीची हकिकत लिहिली होती. ती वाचताना तुम्हाला इतकं हसू आलं की चष्मा नसलेल्या डोळ्यांना पदर लावून बसलात. मीही हसले. इतक्या वर्षांत आपण दोघी एकत्र अशा कधी हसलो होतो?

मी म्हटलं, "अक्का, आत बसा की." तुम्ही म्हणालात, "नगं. हितं बरं हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. रोज दुपारी सांगता आलं असतं. तुम्ही चूक फेडत होतात आणि मी ती फेडून घेत होते, माझी. आणि खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडत होते. सांगितलं तर तुम्ही उठून वाफ्यात जाल, अशी भीती होती. स्मरणिका वेळेवर गेली. शेवटच्या पानावर 'अक्षरजुळणी : सौ. सुरेखा' असं मीच लावलं. त्या ओळीत अजून एका नावाला जागा होती. मी दोनदा बघितलं आणि तशीच सोडली.

पुढं त्याची गंमत झाली. घरात कुणी आलं की हे सुरू करायचे, "आमच्या अक्कानं कॉम्प्युटरला आंघोळ घातली, ऐकलं का?" मग दादा भर घालायचे. तुम्ही तोंडाला पदर लावून हसायचात. मी पण हसायचे, अक्का. सगळ्यात मोठ्यानं कदाचित मीच.

उन्हाळ्यात घरी फोन बसला. तुम्ही त्याच्यासाठी लोकरीचं झाकण विणलंत, पांढरं, कडेनं लाल. रोज टेबल पुसायचात, फोनच्या भोवतीनं. वाजला की धावत बाहेर यायचात, "सुरेखा, वाजतंय गं," पण उचलत नव्हतात. मी घरात नसले तर तो वाजून वाजून गप्प व्हायचा आणि काका माझ्यावर चिडायचे. प्राजूनं पाटीवर आकडे काढून तुम्हाला फोन लावायला शिकवलं. पाटीवर तुम्ही बरोबर लावायचात. मी डॉक्टरांचा नंबर कोळशानं भिंतीवर लिहिला, हाताएवढे आकडे. म्हटलं, "अडीअडचणीला लागंल. उचला की जरा." तुम्ही हात मागं घेतलेत. "न्हाय बाई. माज्या हातानं नगं." हे म्हणाले, "फोनला नारळ फोडू नका म्हंजी झालं." आणि आपण सगळे हसलो.

जानेवारीत प्राजूच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं. तुम्ही तुमच्या जुन्या लुगड्यातून तिच्यासाठी छोटं नऊवारी शिवलंत. आदल्या दिवशी मला सांगितलंत, "उद्या मिशनीला कुलूप लाव. काकाला सांग, माणूस मेलं तरी पत्रिका न्हाय मिळायची. पोरगी पयल्यांदा नाचणार हाय." मी म्हटलं, "तुमीच जावा ना, तुमीच शिवलंय." "गाय व्यायला झालीय. मी हाय घरी. आन् मदीच उठून येऊ नगं. समदं बगून ये."

मी गेले. पहिल्यांदा मी काम अर्धं टाकून गेले आणि सगळं बघितलं. प्राजू तिसऱ्या ओळीत होती, दोनदा चुकली, तिनं मला शोधलं आणि मी दिसल्यावर मग ती चुकली नाही. घरी जाऊन तुम्हाला हे सांगायचं, असं मी मनात जुळवत होते. टाळ्या चालू असताना शेजारच्या वस्तीवरचे तात्या शाळेच्या फाटकात दिसले. पायात चप्पल नव्हती.

तात्यांना तुम्ही बांधावर सापडलात, त्यांच्या घराच्या निम्म्या वाटेवर. छाती धरून चालत निघाला होतात, त्यांना हाक मारायला. त्यांनी टेम्पोत घातलं, पण बारामतीत पोचेपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं की नाही, ते कुणीच सांगू शकणार नाही. ते भले माणूस आहेत. मी त्यांना परत विचारलं नाही.

घरी आले तेव्हा गाय व्यालेली होती, वासरू उभं राहायच्या खटपटीत होतं. मी आत गेले. फोनवरचं झाकण काढलेलं होतं. काढून, चार घड्या घालून, शेजारी नीट ठेवलेलं. फोन मात्र जागच्या जागी. समोर भिंतीवर तो हाताएवढा नंबर.

तुम्ही तिथं किती वेळ उभ्या होतात, अक्का? दुखत असताना घडी घालत होतात. मग हात पुढं केलात का? कशासाठी मागं घेतलात? डॉक्टर आधी माझ्याकडं शाळेत निरोप पाठवतील आणि मी मधेच उठून येईन, म्हणून? की माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावू नका, असं मी म्हटलं होतं, म्हणून? तेराव्यापर्यंत मी पहिलंच खरं धरून चालले होते. त्याशिवाय मला गिळताच आलं नसतं. ते झाकण मी कुणाला न सांगता परत फोनवर घातलं.

तेराव्याला जेवणं चालू होती. मी आमटी वाढत होते. मधल्या खोलीत बायका बसल्या होत्या आणि प्राजू त्यांना गोष्ट सांगत होती. नारळाची. तुमच्यासारखा पदर खोचून, तुमच्यासारखी ओंजळ करून. "मग मोठ्या आईनं असं पाणी शिंपडलं, आणि मशीन कूंऽऽ." बायका डोळे पुसत हसत होत्या. तुमच्या मावशी म्हणाल्या, "शालनच्या हाताला गुणच न्हवता बगा कशाचा." प्रेमानंच म्हणाल्या. प्राजूनं मान डोलावली.

तेव्हा मला दिसलं की तुमचं एवढंच उरणार. प्राजू मोठी होईल, तुमचा चेहरा विसरेल, वाफे, लुगडं, उंबऱ्यातलं वाचन, सगळं विसरेल, आणि आपल्या पोरांना ही एवढी गोष्ट सांगेल. मोठ्या आईनं मशीन बिघडवलं. आणि ती गोष्ट माझी आहे, मी घातलेली.

मी पातेलं खाली ठेवलं आणि सांगितलं. सगळं. फ्लॉपी, अंघोळीच्या आधीची घाई, साळुंखे काय म्हणाले ते. मला वाटलं होतं, रडत सांगेन. नाही रडले, पत्रिका वाचावी तसं सांगितलं. हे म्हणाले, "आता कशाला काढतीस ते?" मग मी झाकणाचंही सांगितलं.

दादा दारात बसले होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सव्वा वरीस ती दिव्याचं बटन बी मला दाबाया लावायची. म्हनायची, माज्या हाताला कायतरी हाय. मी म्हनायचो, येडी हाईस." तेवढं बोलून ते उठले आणि गोठ्याकडं गेले.

हे मला माहीत नव्हतं, अक्का. एका घरात राहून माहीत नव्हतं. हितं असून हितं न्हाईस, हे तुम्ही म्हणाला होतात, आणि मी तुमच्याशी पाच वर्षं भांडत होते की तसं नाही.

प्राजू अजून पदर खोचून तशीच उभी होती. तिनं मला विचारलं, "मग तू मोठ्या आईला सांगितलंस का?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं खोचलेला पदर काढला. मग म्हणाली, "मग तिला कसं कळणार?"

चार दिवस तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं, आणि आज तिचीच वही मागून घेतली. अक्का, पानं नारळाच्या आधी गेली होती. मी घालवली होती. तुमच्या हातानं काही बिघडलं नव्हतं.